बिनखिशाचा कपडा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला की माझ्या पदराला गाठ पडते. गाठीत एक कांदा असतो. लहान, लाल, घट्ट सालीचा. नऊ दिवस तो माझ्यासोबत फिरतो, बाजारात, बँकेत, देवळात. आणि परवा तर दवाखान्यात, छातीचा फोटो काढायच्या खोलीत.

तिथली मुलगी शिशाचा जड डगला घालून उभी होती. म्हणाली, "आजी, अंगावर काही असेल तर काढून ठेवा. साखळी, पिन, जे असेल ते." मी साखळी काढली, पदराची पिन काढली. तिने माझ्या पदराकडे बोट केलं. "अन् हे काय बांधून ठेवलं?"

"कांदा," मी म्हटलं.

माझी नात मुग्धा दाराशी उभी होती. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असा तिचा चेहरा झाला. पण ती मुलगी नागपूरचीच निघाली. हसून म्हणाली, "माझी आईही देते, ऊन लागू नये म्हणून. द्या इकडे, मी धरते." कांदा हातात घ्यायला ती वाकली, तेव्हा तिच्या छातीवरचा, किरणं मोजायचा बिल्ला मला दिसला.

"तुझ्या त्या बिल्ल्यात अजून फिल्म असते का वं?"

ती थबकली. "आता फिल्म नसते आजी, बारक्या चकत्या असतात. पण तुम्हाले कसं माहीत?"

"माझ्या नवऱ्याच्या छातीवर होता. दर मे महिन्यात."

मग तिने मला श्वास रोखायला सांगितला. मी रोखला. खरं सांगायचं तर त्या बिल्ल्यापाशीच तो अडकला होता.

नागपूरच्या मे महिन्याचं वर्णन नागपूरकरांसाठी करण्यात अर्थ नाही आणि बाकीच्यांना ते पटत नाही. एवढंच सांगते, आमच्या इतवारीतल्या दोन खोल्यांत तेव्हा कूलर नव्हता. दाराला वाळ्याची ताटी बांधलेली असे आणि दुपारभर तिच्यावर तांब्याने पाणी मारायचं काम माझं. पाणी मारलं की पाच मिनिटं घरात पावसाळा, सहाव्या मिनिटाला पुन्हा भट्टी. त्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला आजही आधी घड्याळाची टिकटिक ऐकू येते. कारण ताटीच्या अलीकडे पलंग होता, आणि पलंगाखाली माझा नवरा होता.

त्यांचं नाव शामराव. हयातीत मी कधी घेतलं नाही, म्हणून आता वसूल करते. शामराव तपासनीस होते. लोखंडी नळ्यांचे जोड तपासायचे. जोडाला तेल लावायचं, त्यावर एक लहान डबी फिरवायची. डबी नळीत आवाज सोडते, आवाज आदळून परत येतो, आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ उठते. त्या रेघेवरून नळीची भिंत किती जाड उरली, कुठे बारीकशी चीर आहे, हे कळायचं. आधी ते गिरण्यांचे बॉयलर तपासत. मग ज्या ठेकेदाराकडे ते होते, त्याला दूर समुद्राकाठच्या अणुभट्टीचं काम मिळालं. भट्टी वर्षातून एकदा बंद ठेवत आणि तिचे जोड तपासत. ते दिवस नेमके मे महिन्यात येत. आणीबाणी उठून तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट.

घरात आम्ही नुसतं "भट्टी" म्हणायचो. शेजारच्या वच्छलाबाईंनी एकदा हळूच विचारलं, "दारूची का वं?" मी म्हटलं, "नाही, त्याहून कडक." एवढा तोरा होता मला. नवरा अणूत काम करतो म्हणजे काय! मला अणू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण वच्छलाबाईंनाही नव्हतं, त्यामुळे तोऱ्याला बाधा येत नव्हती.

शामराव मात्र भट्टीबद्दल बोलायचे ते घरातल्या थोरल्या बाईबद्दल बोलावं तसं. "म्हातारी होत चालली ते."

"दहा-बारा वर्षांची तर हाये म्हणता."

"अवं, रोज तापते ना ते. तापणाऱ्याची उमर वेगळी मोजा लागते. अन् म्हातारीले कुठं दुखते ते म्हातारी सांगत नाही. कान लावून ऐका लागते."

परवा त्या थंड टेबलावर आडवी असताना मला हे आठवलं आणि हसू आलं. ती मुलगी काचेपलीकडून ओरडली, "आजी, हलू नका!"

तर पलंगाखाली. भट्टीच्या आत किरणं असतात, म्हणून तिथे कोणाला जास्त वेळ थांबू देत नसत. एकेका माणसाला मोजकी मिनिटं. तेवढ्यात सरपटत आत जायचं, जोड तपासायचा, बाहेर यायचं. मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून शामराव घरी सराव करत. मे महिन्यात, नागपुरात, अंगात पावसाळी कोट, पायात गमबूट, हातात मोज्यांचे दोन जोड आणि नाकातोंडावर दुपट्टा आवळून ते पलंगाखाली शिरत. पलंगाच्या पायांना खडूने जोड आखलेले. मी बाहेर गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन बसलेली.

"झाली वेळ! निघा बाहेर!"

"एकच जोड राहिला वं."

"तिथं पण असंच म्हणता का?"

मी झाडूने टोचून त्यांना बाहेर काढायची. लालबुंद, घामाने निथळलेले बाहेर येत, आणि मग कोट उतरवायचा सराव. त्याचीही रीत होती. बाहेरची बाजू आत जाईल असा उलटा करत कपडा काढायचा, म्हणजे त्याच्यावरची धूळ अंगाला लागत नाही. आधी हे, मग ते, मोजे सर्वांत शेवटी, आणि तोवर तोंडाला हात म्हणून लावायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. मी मुद्दाम गवताच्या काडीने त्यांच्या नाकाला गुदगुल्या करायची. माझ्या अंगात त्या काळी अक्कल सोडून सगळं होतं.

आता माझ्या हुशारीकडे येते. मी शिवणकाम करायची. गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीवरून बेतलेलं कापड घरी आणायचं, शिवून परत द्यायचं. माझी काजं मोहल्ल्यात नावाजलेली आणि माझा चोरखिसा त्याहून. माझ्या हातून निघालेला कपडा आतल्या बाजूच्या चोरखिशाशिवाय घराबाहेर पडत नसे. परकराला चोरखिसा, पोलक्याला चोरखिसा, शामरावांच्या बंडीलाही चोरखिसा. वच्छलाबाई म्हणायच्या, "हिचं चाललं तर हे उशीलेही खिसा लावते." लावला होता.

त्या वर्षी ठेकेदाराने आपल्या माणसांचे सुती बॉयलर सूट त्याच पेढीकडे शिवायला टाकले. भट्टीत हा सुती सूट आत, त्यावर प्लास्टिकचा. कामठीच्या मागावरचं जाडं पांढरं कापड होतं. प्रत्येक सुटाच्या कॉलरच्या आत शाईने आकडा घालायचा, शामरावांचा सात. सोबत एक चित्राचा कागद आला होता, आणि चित्रावर तीन ठिकाणी लाल फुल्या. पेढीवरच्या हमीद मास्तरांनी मला समजावलं. "देख बेटी. जेब नहीं. बटन नहीं. पैंट की मोहरी पे फोल्ड नहीं."

"काहून?"

"धूल बैठती है. वहाँ की धूल घर नहीं लाने की." मग तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून ते हसले. "बिना जेब, बिना बटन का कपड़ा मैंने आज तक एक ही काटा है. कफन."

त्यांनी चेष्टेत म्हटलं. मला मात्र त्या उन्हात काटा आला.

घरी येऊन मी सगळे सूट चित्राबरहुकूम शिवले. दुहेरी शिवण, एक टाका वर नाही की खाली नाही. सातव्यापाशी हात थांबला. बिनखिशाच्या पांढऱ्या कपड्यात मी माझा माणूस धाडू? शिवाय मागच्या वर्षी त्यांच्यातलाच एक जण प्लास्टिकच्या सुटात उकडून भोवळ येऊन पडला होता, हे शामरावांनीच सांगितलं होतं. किरणं मला दिसत नव्हती. त्यांच्याबद्दल मला काही करता येण्यासारखं नव्हतं. पण उकाडा मला माहीत होता. ऊन लागू नये म्हणून काय करायचं, हे माझ्या आईने मला शिकवलं होतं, तिला तिच्या आईने. खिशात कांदा ठेवायचा.

मी सात नंबरच्या सुटाला छातीच्या डाव्या बाजूला, आतून, चोरखिसा लावला. इतका बेमालूम की पेढीवर मास्तरांच्या बोटांनाही लागला नाही. केवढा आनंद झाला होता मला! आज ती बाई समोर आली तर तिचे कान धरीन. पण कान धरून तिला काय सांगू, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

स्टेशनवर गाडीत त्यांना शिदोरी दिली आणि वर एक कांदा ठेवला. खिशाचं कानात सांगितलं. शामराव बघतच राहिले. "अवं, तिथं टाचणी पण नेऊ देत नाहीत!"

"टाचणी नका नेऊ. कांदा न्या."

"पागल झाली का तू?"

"माझी शपथ हाये तुम्हाले. कांदा खिशात ठेवल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही."

गाडी हलली. हा माणूस एवढा नियमाचा की घरी सरावातही नाकाला हात लावत नसे. पण शपथ म्हणजे शपथ. माझ्या जिवाची होती ना ती. किरणांपेक्षा मोठी.

चाळीस दिवसांचं काम होतं. शामराव नवव्या दिवशी दारात उभे. मी वाळ्यावर पाणी मारत होते, तांब्या तसाच हातात. मला वाटलं, कांद्यानेच त्यांना सुखरूप आणलं. मी धावत जाऊन आंबे आणले, रस काढला. त्यांनी आंघोळीला सदरा काढला, तेव्हा छातीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी कातडी सोललेली दिसली. लाल, ओलसर.

"हे काय झालं?"

"घासलं."

रस वाटीत तसाच राहिला. शामरावांनी मला सगळं सांगितलं, अगदी सावकाश, मुलाला गणित समजावून सांगावं तसं. कांदा घेऊन ते आत गेले होते. जोड तपासून झाला. बाहेर येताना दाराशी एक जण यंत्राची काठी प्रत्येकाच्या अंगावरून फिरवतो. कुठे धूळ लागली असेल तर यंत्र कटकट करतं. तिथे वरचा प्लास्टिकचा सूट उतरवताना त्यांच्या लक्षात आलं, आता कांदा सापडणार. घाबरून त्यांनी तो काढून टाकायला खिशात हात घातला. हातात अजून भट्टीतले मोजे होते.

एवढंच. आयुष्यभर पाळलेली रीत एका क्षणात चुकली. मोज्यांवरची धूळ खिशात गेली, खिशातून छातीला लागली. काठी सात नंबरवर आली आणि यंत्र थांबेना. तिघांनी मिळून त्यांना साबणाने घासलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग कटकट थांबली. लागलं ते थोडंसंच होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहूनही दिलं. मग सुटाची शिवण उसवली. साहेबाने विचारलं, "खिसा कोणी शिवला?"

"मग? काय सांगितलं तुमी?"

"मीच, म्हटलं."

"अन् त्यायले खरं वाटलं?"

"टाका पाहून हसला तो. म्हणे, हात लई बारीक हाये तुझा."

"अन् कांदा?"

शामराव पहिल्यांदा हसले. "तुया कांदा पिवळ्या पिंपात गेला. वरून झाकण, झाकणावर सिमेंट. शेकडो वर्षं आता त्याले कोणी हात लावणार नाही."

मी खो खो हसले. पदर तोंडात कोंबून हसले. देवा, मी हसले. सगळ्या नागपुरात माझाच कांदा एवढ्या मानाचा, असं मी म्हणाले. समोरचा माणूस उघड्या, सोललेल्या छातीने बसला होता आणि मला हसू येत असलेलं बघून त्यालाही बरं वाटत होतं.

पुढच्या वर्षी मे महिना आला. शामरावांनी खडू आणला, पलंगाच्या पायांवर जोड आखले. घड्याळ माझ्या मांडीवर दिलं. ठेकेदाराचं बोलावणं आलं नाही. ते रोज सकाळी कोट काढून ठेवत, संध्याकाळी घडी घालत. नवतपा संपला त्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने खडूच्या खुणा पुसल्या. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. एकही शब्द ते मला बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर कदाचित रडले असते. तसं काही झालं नाही.

मग पुन्हा बॉयलर. अठरा वर्षं. थंड झालेल्या बॉयलरच्या पोटात शिरायचं, राखेत लोळून नळ्या तपासायच्या, बाहेर यायचं. तिथे मिनिटं मोजायला कोणी नव्हतं. "एकच जोड राहिला" म्हटलं तर झाडूने टोचून बाहेर काढायला कोणी नव्हतं. नाकातोंडावर घरचा दुपट्टा. दाराशी यंत्राची काठी नाही, छातीवर बिल्ला नाही. राख किती आत गेली हे सांगणारं यंत्र कोणी लावलंच नव्हतं, कारण राखेला कोणी घाबरत नव्हतं. मीही नाही. राख तर आमच्या चुलीतही होती. त्यांच्या मिशीतून राख वरणात पडली तर मी वाटी बदलून द्यायची, आणि ओरडायची.

शामराव मात्र घरी आले की अंगणातच थांबत. सदरा उलटा करत काढत, बाहेरची बाजू आत. मग हात, मग तोंड. मी वैतागायची. धुवायला घेतलेला प्रत्येक सदरा मला आधी सुलटा करावा लागे. "इथं कुठली तुमची किरणं?" त्यावर ते म्हणत, "रीत ते रीत." त्यांचा शेवटचा सदरा खुंटीवर उलटाच आहे. तो मी सुलटा केलेला नाही.

खोकला सुरू झाला तेव्हा त्यांनी काम सोडलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. दोन्ही फुप्फुसांत पांढरं जाळं. "काय काम करत होते?" मी सगळं सांगितलं, भट्टी, बॉयलर, अधूनमधून बिडी. "भट्टीचं?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ती एकदाची थोडीशी धूळ नव्हे. ही वर्षानुवर्षांची राख दिसते. त्यांना वाटलं असावं, बाईला धीर येईल.

म्हणजे खिशाने छाती बिघडवली नव्हती. खिशाने माणसाला, जिथे मोजत होते तिथून उचलून, जिथे मोजत नव्हते तिथे नेऊन ठेवलं होतं. हे मला दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कळलं, आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. शामराव दोन पायऱ्या खाली होते. म्हणाले, "काय झालं? ऊन लागलं का तुले?"

बोलायला मला त्यानंतर वर्ष लागलं. ते अंथरुणाला खिळले होते. मी पाय चेपत होते, म्हणजे तोंडाकडे पाहावं लागत नाही.

"तो खिसा मी लावला नसता तर?"

"तर काय?"

"तर तुमी तिथंच राहिले असते. तिथं मोजणारे होते."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असं काही नाही वं. शामरावांनी आयुष्यभर भिंतीची जाडी होती तेवढीच सांगितली, कमी नाही, जास्त नाही. म्हणाले, "मोजत होते, हे खरं हाये." मग थोड्या वेळाने, "तुया कांदा पण मोजला त्यायनं." आणि हसायला लागले. हसताना खोकला आला, तो थांबता थांबेना. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

ते गेले तेही नवतप्यात. सकाळीच. गांधीबागेतून कापड आलं. हातात घेतलं आणि बोटांना ओळख पटली; तेच जाडं, पांढरं, मागावरचं सूत. बाहेर माझा मुलगा कोणाला तरी सांगत होता, ऊन फार चढायच्या आत न्यावं लागेल. मी आत गेले. टोपलीतून एक कांदा निवडला. लहान, लाल. आणि सवयीने सुई-दोरा घेतला.

माझ्या जावेने ते पाहिलं. "बाई, त्या कापडाले सुई लावत नसतात," ती रडत म्हणाली.

चार टाके घातले असते. मला बेमालूम येतात, कोणाच्या बोटांना लागले नसते. पण एकदा मी या माणसाला शपथ घातली होती, आणि तो ती पाळायला गेला होता. मी सुई परत रिळात खोचली. त्यांच्या गळ्यापासून पायांपर्यंत कापडावरून हात फिरवला, शिवून झालेल्या सुटावरून फिरवायची तसा. खिसा नाही. गुंडी नाही. कुठे दुमड नाही. हमीद मास्तर, तुमच्या चित्राबरहुकूम.

त्यांना उचललं. बायकांनी दारापर्यंतच जायचं. मी दारात उभी राहिले. गल्लीच्या वळणावर डांबर एवढ्यातच वितळून चमकत होतं, आणि ते वळले. तेव्हा लक्षात आलं. त्या वर्षी खिसा होता, म्हणूनच तर त्यांना भट्टीच्या दारातून घरी परत पाठवलं होतं.

कांदा माझ्या मुठीत होता. मी तो पदराला बांधला.